हिरवळीखालचा हिशोब

केप कॉडवर घर विकायला निघालं की समुद्र किती जवळ आहे हे आधी विचारलं जातं, आणि लगेच दुसरा प्रश्न येतो: सेप्टिक टँक किती बेडरूमची? अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याचा हा वाळूचा हात कोपरात वाकून अटलांटिकमध्ये शिरलेला आहे. इथल्या बहुतेक घरांना सार्वजनिक गटार नाही. संडास-मोरीचं पाणी आधी अंगणातल्या टाकीत जातं, तिथून हिरवळीखाली पुरलेल्या, भोकं पाडलेल्या पाइपांतून वाळूत झिरपतं. पिण्याचं पाणीही याच वाळूतून उपसलं जातं. १९८२ साली अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण संरक्षण खात्याने इथलं भूजल हा प्यायच्या पाण्याचा एकमेव स्रोत असल्याचं जाहीर केलं.

आता यातली गंमत अशी, की प्यायच्या या पाण्यात नायट्रेट उतरायला टाकी बिघडावी लागत नाही. टाकीत प्राणवायू नसतो, त्यामुळे मैल्यातला नायट्रोजन बहुतांशी अमोनियमच्या रूपात बाहेर पडतो. खालच्या कोरड्या, मोकळ्या वाळूत प्राणवायू भरपूर. तिथले जिवाणू अमोनियमचं नायट्रेट करतात. यंत्रणा जितकी चांगली, तितकं हे काम चोख! वाळू रोगजंतू बऱ्यापैकी अडवते, फॉस्फरसलाही धरून ठेवते; ऋणभारित नायट्रेट मात्र कणांना चिकटत नाही, पाण्याबरोबर सरळ निघून जातं. त्याचा वायू करून टाकणारेही जिवाणू असतात, पण त्यांना सेंद्रिय कार्बन लागतो, आणि हिमनद्यांनी आणून टाकलेल्या या स्वच्छ वाळूत त्यांचं पोट भरत नाही.

मग जमिनीखालच्या पाण्यात किती नायट्रेट उतरेल, हे खड्डा न खणता कसं सांगायचं? सर्वांत सोपी रीत वाण्याच्या वहीसारखी आहे. राज्याच्या नियमांत दर बेडरूममागे दिवसाला ११० गॅलन सांडपाणी धरतात. चार बेडरूमचे ४४० गॅलन, म्हणजे सुमारे १,६६५ लिटर. टाकीतून निघालेल्या पाण्यात लिटरमागे ३५ मिलिग्रॅम नायट्रोजन धरला, तर वर्षाला २१ किलो होतो. त्यात मुरणारा पाऊस मिसळायचा: वर्षाला सुमारे २७ इंच, एका एकरावर जवळपास २८ लाख लिटर. भागाकार केला की उत्तर येतं लिटरमागे सव्वासहा मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याची मर्यादा १०. त्याच एकरात अशी दोन घरं बसवली की आकडा साडेदहाच्या वर जातो. नायट्रोजनला संवेदनशील क्षेत्रात एकरी ४४० गॅलनचा नियम का आहे, हे या दोन ओळींतून कळतं.

(आपल्याकडच्या पाण्याच्या रिपोर्टात मर्यादा ४५ दिसते म्हणून चमकायला नको. अमेरिकेत फक्त नायट्रोजन मोजतात, आपण अख्खं नायट्रेट. १० मिलिग्रॅम नायट्रोजन म्हणजे ४४ मिलिग्रॅम नायट्रेट.)

ही मर्यादा तान्ह्या बाळांसाठी आहे. विहिरीच्या पाण्यात कालवलेल्या दुधाने बाळं निळी पडतात, हे आयोवातले डॉक्टर हंटर कॉम्ली यांनी १९४५ साली लिहिलं.

हिशोब सोपा असला तरी त्यातला प्रत्येक आकडा भांडणाचा आहे. बेडरूम काही संडासला जात नाहीत, माणसं जातात. केपवरच्या वाकॉइट खाडीचा अभ्यास करणारे इव्हान वालिएला आणि त्यांचे सहकारी यांनी १९९७ साली मांडलेल्या प्रारूपात माणशी वर्षाला ४.८ किलो नायट्रोजन धरला. चार बेडरूमच्या बंगल्यात वर्षभर दोनच म्हातारी माणसं राहत असतील, तर कागदावरचे २१ किलो दहावर येतात. उन्हाळ्यात तोच बंगला पर्यटकांना भाड्याने दिला, की हिशोब पुन्हा उलटा. वाटेत, टाकीपासून खाडीपर्यंत, किती नायट्रोजन जिरतो हा आणखी एक अंदाज. वालिएला यांच्या गणितात खाडीकडे येणाऱ्या नायट्रोजनमध्ये सांडपाण्याचा वाटा ४८ टक्के निघाला, हवेतून पडणाऱ्याचा ३० आणि खतांचा १५. हिरवळीला दोष देऊन मोकळं होणाऱ्यांची त्यामुळे जरा पंचाईत झाली.

शिवाय खाडीला १० मिलिग्रॅमची मर्यादा उपयोगाची नाही. लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या आतच शेवाळ माजायला लागतं आणि त्याच्या सावलीत तळाचं ईलग्रास हे समुद्री गवत मरतं. पिण्याला उत्तम ठरलेलं पाणी खाडीला मारक ठरू शकतं.

गणित खरं आहे का, हे तपासायला विहिरी आहेतच. नायट्रेटबरोबर बोरॉन सापडला तर संशय सांडपाण्यावर जातो, कारण तो साबण-डिटर्जंटमधून येतो. एका संशोधन संस्थेने केपवरच्या २० सार्वजनिक विहिरींचं पाणी तपासलं, तेव्हा काहींत सल्फामेथॉक्साझोल हे प्रतिजैविकही निघालं. ते खताच्या गोणीतून येत नाही.

हिशोबात अजून काळ धरलेला नाही. इथलं भूजल दिवसाला साधारण एक फूट सरकतं. किलोमीटरभर लांबच्या घराचा नायट्रेट विहिरीत पोचायला नऊ वर्षं लागतात. याचं एक जुनं प्रात्यक्षिक केपवरच्या लष्करी तळाजवळ आहे. तळाचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी १९३६ पासून वाळूच्या वाफ्यांत सोडलं जाई. डिसेंबर १९९५ मध्ये ते बंद झालं. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तिथे जमिनीत रंगीत बारीक नळ्यांच्या जुड्या उतरवल्या आहेत. प्रत्येक नळीचं तोंड वेगळ्या खोलीवर, त्यामुळे वरचं आणि खालचं पाणी वेगवेगळ्या बाटलीत घेता येतं. वाफे कोरडे पडल्यानंतरही वर्षानुवर्षं काही नळ्यांतून सांडपाण्याने प्राणवायू संपवलेलं पाणीच वर येत राहिलं.