पालिकेची शाळा सुधारली, मग पालकांत दुमत का?

मुंबई महापालिकेच्या शाळांचा दहावीचा निकाल २०१९ मध्ये सुमारे ५३ टक्के होता. २०२० मध्ये तो ९३ टक्क्यांवर गेला. एवढी मोठी झेप पाहूनही पालकांत मात्र दोन तट आहेत. शाळा सुधारली, मुलांना येथेच शिकवू, असे काहींना वाटते. तर हा केवळ आकड्यांचा खेळ आहे, असे इतरांचे म्हणणे असते.

आकड्यांचा अर्थ

वस्तुतः दोन्ही बाजूंत तथ्य आहे. २०१९ च्या परीक्षेत भाषा विषयांचे अंतर्गत गुण बंद झाले होते. साहजिकच राज्याचा निकालही ७७.१० टक्क्यांपर्यंत घसरला. पुढील वर्षी हे गुण पुन्हा देण्यात आले, कोरोनामुळे भूगोलाची परीक्षा रद्द झाली आणि राज्याचा निकाल ९५.३० टक्के लागला. म्हणजे पालिकेच्या यशात बदललेल्या नियमांचा वाटा मोठा होता.

मात्र राज्य आणि पालिका यांच्या निकालांत २०१९ मध्ये सुमारे २४ टक्क्यांचे अंतर होते, ते वर्षभरात दोनवर आले. ही जमेची बाजू नाकारता येत नाही. अर्थात, निकाल शंभरीजवळ पोहोचले की अशी तफावत आपोआपही आकसते, हे विसरून चालणार नाही.

प्रश्नच वेगवेगळे

मतभेदाचे खरे मूळ निराळेच आहे. एकाच शाळेला प्रत्येक पालक वेगळा प्रश्न विचारत असतो. रोजंदारीवर घर चालवणाऱ्यांना शाळा जवळ आहे, शुल्क नाही आणि पुस्तके, गणवेश, दप्तर मोफत मिळते, हे महत्त्वाचे वाटते. थोडी ऐपत असलेल्यांना इंग्रजीची आणि मुलांच्या संगतीची काळजी असते. त्यासाठी ते कर्ज काढून खासगी शाळेचे शुल्क भरतात.

पालिकेने २०२० मध्ये आपल्या शाळांना ‘मुंबई पब्लिक स्कूल’ हे नाव दिले आणि सीबीएसईच्या शाळाही सुरू केल्या. तेथील प्रवेशासाठी सोडत काढावी लागली. पालकांना सरकारी शाळा नको असते, हा समज त्यामुळे खोटा ठरला. दुसरीकडे, यामुळे मराठी माध्यमाचे वर्ग ओस पडतील, ही भीतीही निराधार नाही. मराठीतून शिकलेली आई मुलाचा अभ्यास घेऊ शकते. माध्यम बदलले की तिचा हा आधार सुटतो आणि शिकवणीचा खर्च वाढतो.

नववीचे वळण

हा पेच आठवीनंतर अधिक तीव्र होतो. शिक्षण हक्क कायद्याची हमी चौदा वर्षे वयापर्यंत आहे आणि शालेय पोषण आहारही आठवीपर्यंतच मिळतो. नेमक्या याच वळणावर पालकांना शाळेविषयी नव्याने निर्णय घ्यावा लागतो.

अशा वेळी निकालाच्या टक्केवारीवर विसंबू नये. ती केवळ परीक्षेला बसलेल्यांचा हिशेब देते. नववीत दाखल झालेल्यांपैकी किती जण दहावीच्या परीक्षेपर्यंत पोहोचले, गणित, विज्ञान व इंग्रजीला पूर्णवेळ शिक्षक आहेत का, प्रथम श्रेणी किती जणांना मिळाली आणि अकरावीत किती जण टिकले, हे पालकांनी विचारावे. शाळेने ही उत्तरे दरवर्षी फलकावर लावली, तर मतभेद मिटतील असे नाही. पण ते ऐकीव गोष्टींवर तरी राहणार नाहीत.