पाणंदीवरील गाडीचें चाक : पोलादी कीं मिश्रधातूचें ?

बीड जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या दारांत बैलगाडीशेजारीं जीप अथवा पिकअप उभी दिसूं लागली, यास आतां बरींच वर्षें लोटलीं. गाडी घेतांना इंजिन, इंधनाचा खर्च व किंमत यांची चौकशी सर्वजण करतात. परंतु जमिनीशीं ज्याची रोजची गांठ पडते त्या चाकाचा विचार सहसा शोभेपुरताच होतो. शेताच्या वाटेवर चाक निकामी झालें म्हणजे कापूस वेळेवर बाजारास पोहोंचत नाहीं, दूध नासतें आणि प्रसंगीं घरचा आजारी माणूस दवाखान्यापर्यंत नेतां येत नाहीं. म्हणून साधें पोलादी चाक घ्यावें, कीं बाजारांत ज्यास ‘ॲलॉय’ म्हणतात तें मिश्रधातूचें चाक घ्यावें, या प्रश्नाचा विचार येथें करावयाचा आहे.

आपल्या वाटा

प्रथम वाट कशी आहे तें पहावें. गेवराई व माजलगांव तालुक्यांतील गोदाकांठची जमीन खोल काळी आहे. पावसाळ्यांत ही माती फुगते व चाकास चिकटते. उन्हाळ्यांत तीच सुकून जुन्या चाकोऱ्या दगडासारख्या कठीण होतात. याच्या उलट पाटोदा, आष्टी या बाजूस बालाघाटाच्या माथ्यावर माती उथळ, आणि तिच्याखालीं मुरूम व काळा पाषाण. तेथें चाकाची गांठ उघड्या धोंड्यांशीं पडते. पहिल्या प्रकारच्या वाटेवर चिखलांत दडलेला दगड घात करतो, तर दुसऱ्या प्रकारच्या वाटेवर दिसत असलेला दगडहि चुकवितां येत नाहीं. दोन्हीं ठिकाणीं चाकाच्या कांठावर एकाच जागीं जोराचा आघात बसतो. तो आघात बसल्यावर चाकाचें काय होतें, यावरच निवड अवलंबून आहे.

दोन धातूंचे स्वभाव

एक लिटरच्या मापांत मावेल इतकें पोलाद सुमारें ७.८ किलो भरतें. तितकेंच ॲल्युमिनियम सुमारें २.७ किलो भरतें. यावरून मिश्रधातूचें चाक एकतृतीयांश वजनाचें असेल असें कोणासहि वाटेल, परंतु तसें घडत नाहीं. सारख्याच आकाराच्या दोन पट्ट्यांवर सारखाच भार दिला तर ॲल्युमिनियमची पट्टी पोलादाच्या सुमारें तिप्पट लवते. म्हणून मिश्रधातूचें चाक जाड ओतावें लागतें व वजनांतील बराचसा लाभ तेथेंच खर्ची पडतो. त्यांतून शोभेसाठीं चाकाचा आकार वाढविला, तर तें पोलादी चाकाहून हलकें राहीलच अशी खात्री देतां येत नाहीं.

दुसरा भेद अधिक महत्त्वाचा आहे. चाकाचें पोलाद मऊ जातीचें असतें. मर्यादेबाहेर ताण पडला असतां तें तुटण्यापूर्वीं पुष्कळ वांकतें. ॲल्युमिनियममध्यें थोडें सिलिकॉन व मॅग्नेशियम मिसळून ओतलेला मिश्रधातु लहानसहान ठोके न वांकतां सोसतो, परंतु मर्यादा ओलांडतांच त्यास चीर जाते. घडीव मिश्रधातूचीं चाकें ओतीव चाकांहून चिवट असतात. मात्र तीं महाग असून सामान्य गाडीबरोबर क्वचितच मिळतात.

मोडल्यावर काय ?

आपल्या लांकडी चाकाचें उदाहरण घ्या. बाभळीचें तें चाक कधींच मोडत नसे असें नव्हे. आरा निखळे, धाव सैल होई. परंतु सुतार नवा आरा बसवी, लोहार धाव तापवून पुन्हां चढवी, आणि गाडी लवकरच वाटेस लागे. तें चाक टिकाऊ ठरलें याचें अर्धें कारण असें कीं, त्याची दुरुस्ती गांवांतच होत असे. ही कसोटी आजच्या चाकासहि लावावी.

पोलादी चाकाचा कांठ दगडावर वांकला, तर टायर उतरवून तो हातोड्यानें ठोकून पुष्कळसा सरळ करतां येतो. ट्यूब नसलेल्या टायरची हवा कांठाशीं गळूं लागली, तर तात्पुरती ट्यूब घालून गाडी सावकाश घरीं आणतां येते. हें काम तालुक्याच्या गांवीं कोणताहि पंक्चरवाला करूं शकतो. मात्र नटाच्या भोंकांभोंवतीं अथवा जोडावर चीर दिसली, तर पोलादी चाकहि टाकूनच द्यावें.

मिश्रधातूच्या चाकाची गोष्ट निराळी. त्याची चीर पुष्कळदां डोळ्यांस दिसत नाहीं. केवळ रोज थोडी थोडी हवा कमी होते. अशा वेळीं साबणाचें पाणी लावून बुडबुडे कोठें येतात तें पहावें. कोणी ती चीर झाळून देण्याचें आश्वासन देतो. परंतु या चाकास कारखान्यांत उष्णतेचे संस्कार देऊन बळ आणलेलें असतें, व झाळण्याच्या आंचेनें त्या जागचें बळ जातें. भरल्या गाडीखालीं असें चाक ठेवणें म्हणजे जिवाशीं खेळ होय.

मिश्रधातूचे खरे गुण

तरीहि या चाकाची सरसकट निंदा करणें योग्य नाहीं. तें खरोखर हलकें असेल तर स्प्रिंगखालचा भार कमी होऊन खडबडीत रस्त्यावर टायर जमिनीस अधिक चांगला धरून राहतो. ॲल्युमिनियम उष्णता लवकर वाहून नेतें, त्यामुळें मांजरसुंबा किंवा धारूरचा घाट उतरतांना ब्रेकची उष्णता बाहेर पडण्यास थोडें साहाय्य होतें. त्याची गोलाई बिनचूक असल्यानें डांबरी रस्त्यावर गाडी थरथरत नाहीं. पोलादासारखा तांबडा गंजहि त्यावर चढत नाहीं. मात्र टायर बसतो त्या कांठावर पांढरी भुकटी धरून हवा गळूं शकते.

चाकाचा आकार व टायरची उंची

धातूइतकेंच लक्ष आकाराकडे द्यावें. २०२० सालीं निघालेल्या महिंद्र थार गाडीचें उदाहरण बोलकें आहे. तिच्या साध्या प्रकारास १६ इंची पोलादी चाक व २४५/७५ मापाचा टायर होता. भारी प्रकारास १८ इंची मिश्रधातूचें चाक व २५५/६५ मापाचा टायर होता. टायरच्या रुंदीस त्या शेंकड्यानें गुणिलें म्हणजे टायरच्या भिंतीची उंची निघते. पहिल्याची सुमारें १८४ मिलिमीटर, दुसऱ्याची सुमारें १६६. म्हणजे लहान चाकाच्या कांठावर १८ मिलिमीटर रबराची गादी अधिक मिळाली. दगडाचा ठोका चाकापर्यंत पोहोंचण्यापूर्वीं हीच गादी तो झेलते. दुसऱ्या महायुद्धांतील विलीज जीपलाहि १६ इंची पोलादी चाकेंच होतीं. माल वाहणाऱ्या पिकअपला आजहि सामान्यतः पोलादी चाकेंच येतात, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

निवड व निगा

ज्याची गाडी बहुतेक डांबरी रस्त्यावर चालते व शेतांत क्वचित् जाते, त्यानें कारखान्याकडून आलेलें मिश्रधातूचें चाक खुशाल ठेवावें. ज्याची गाडी रोज पाणंदीनें जाते, खत, बियाणें, ऊस वा कडबा वाहते, त्यानें लहान आकाराचें पोलादी चाक व उंच भिंतीचा टायर घ्यावा. नवें चाक घेतांना भारतीय मानकाचें चिन्ह व भार सोसण्याची मर्यादा पहावी. स्टेपनीचें चाक निराळ्या धातूचें असेल तर त्यास कोणते नट लागतात तें आधींच विचारून ठेवावें. नटाची बैठक जुळली नाहीं तर चाक सैल होतें.

चिखलांतून आल्यावर चाकाच्या आंतील बाजूची माती धुवून काढावी. ती सुकून एका बाजूस बसली म्हणजे वेग घेतांच गाडी डुलूं लागते. चाक बदलल्यावर ८०-१०० किलोमीटर चालवून नट पुन्हां आवळावे. चिखलासाठीं हवा कमी केली असल्यास डांबरी रस्त्यास लागण्यापूर्वीं ती भरून घ्यावी. कमी हवेनें वेगांत धांवणारा टायर तापून फुटतो, आणि दगडावर चाकाचा कांठहि प्रथम तोच उघडा पाडतो.

चाक विकत घेतांना त्याची चकाकी पाहूं नये. तें मोडलें तर आपल्या गांवापासून किती कोसांवर दुरुस्त होईल, हें विचारावें.