पालकातले लोह आणि माहितीचे मूळ

“पालकात लोह भरपूर असते का?” अकरावीच्या वर्गात हा प्रश्न विचारून पाहा. बरेच हात वर होतील. एखादा चौकस विद्यार्थी मात्र म्हणेल, “सर, ती चूक होती. एका जर्मन शास्त्रज्ञाने दशांशचिन्ह चुकीच्या जागी दिले आणि लोह दहापट झाले.” हे उत्तर आले की समजावे, पाठ सुरू करायची वेळ झाली.

दशांशचिन्हाची ही गोष्ट ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या डिसेंबर १९८१ च्या अंकात टेरेन्स हॅम्ब्लिन या रक्तरोगतज्ज्ञांनी सांगितली. गोष्ट चटकदार, ती अनेक लेखकांनी उचलली. २०१० मध्ये माइक सटन या ब्रिटिश गुन्हेशास्त्रज्ञांनी तिचा माग काढला. हॅम्ब्लिन यांच्या लेखात तिला संदर्भच दिलेला नव्हता. जुने लेखन धुंडाळूनही दशांशचिन्ह चुकल्याचा पुरावा सटन यांना मिळाला नाही. लोहासाठी पालक खाणारा म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, तो चित्रकथेतला पॉपायसुद्धा १९३२ मध्ये पालकातल्या ‘अ’ जीवनसत्त्वाचे गुण गात होता! म्हणजे इतरांची चूक दाखवणारी गोष्टही कोणी तपासली नव्हती.

माहिती शोधणे, पारखणे आणि योग्य जागी वापरणे या कौशल्याला ‘माहिती-साक्षरता’ म्हणतात. ही संज्ञा अमेरिकेत पॉल झुरकोव्स्की यांनी १९७४ मध्ये वापरली. आज फोनवर उत्तर क्षणात मिळते. त्यामुळे शोधणे सोपे झाले. पारखण्याचे काम मात्र वाढले. त्यासाठी विद्यार्थ्यांना तीन प्रश्नांची सवय लावता येईल.

१. हे प्रथम कोणी सांगितले?
२. त्याने स्वतः मोजले, की कोणाचे ऐकून लिहिले?
३. आकडा नेमका कशाचा आहे?

तिसरा प्रश्न पालकालाच लावून पाहू. १०० ग्रॅम ताज्या पालकात सुमारे ९१ ग्रॅम पाणी आणि सुमारे ३ मिलिग्रॅम लोह असते. पालक पूर्ण वाळवला तर ९ ग्रॅम उरेल, पण लोह तेवढेच राहील. या हिशेबाने १०० ग्रॅम वाळलेल्या पालकात सुमारे ३३ मिलिग्रॅम लोह भरते. दशांशचिन्ह न हलवताही दहापटीहून अधिक फरक पडला, आणि दोन्ही आकडे बरोबर! शिवाय पालकातल्या लोहापैकी थोडेच शरीरात शोषले जाते. ‘लोह किती आहे’ आणि ‘लोह किती मिळते’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. रक्तक्षय असलेल्या मुलीच्या आहाराचा विचार करताना हा फरक महत्त्वाचा ठरतो.

वर्गात एक उपक्रम घेता येईल. चार-चार जणांचे गट करा. प्रत्येक गटाला वर्तमानपत्रातले, पाठ्यपुस्तकातले किंवा फोनवर फिरणारे एक विधान द्या. एका आठवड्यात त्याच्या उगमाकडे जमेल तितके मागे जायला सांगा. प्रत्येक टप्प्यावर लेखक, वर्ष आणि मूळ मजकूर वहीत नोंदवू द्या. ग्रंथपालांची मदत जरूर घ्यावी. वाट मध्येच संपली तर ‘येथून पुढे पुरावा सापडला नाही’ असे लिहिणे हेही उत्तरच आहे. गुण द्यायचे ते या वाटचालीला.

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. माहितीचे मूळ मात्र जरूर विचारावे. ती सांगणारे आपण शिक्षक असलो, तरीही.