चंद्रावर चमकले की डोळ्यात?

शुक्ल पक्षातल्या चतुर्थी-पंचमीला संध्याकाळी नाशिकच्या पश्चिमेला, त्र्यंबकच्या डोंगरांकडे चंद्रकोर झुकू लागते. नीट पाहिले तर कोरीला लागून असलेला चंद्राचा काळा भागही अंधुक दिसतो. पृथ्वीवरून परावर्तित झालेल्या उजेडाने तो किंचित उजळलेला असतो. या काळ्या भागावर कधीतरी एखादा ठिपका क्षणभर चमकतो आणि विझतो. अवकाशातून आलेला एखादा दगड तिथे आदळलेला असतो.

असे दगड पृथ्वीच्याही वाट्याला येतात. पण ते वातावरणात घासून जळतात आणि आपण त्याला तारा तुटला म्हणतो. चंद्राला ही ढाल नाही. दगड सेकंदाला सुमारे २० किलोमीटर वेगाने थेट जमिनीवर येतो. या वेगाच्या एक किलो दगडात जवळपास ५० किलो टीएनटीइतकी ऊर्जा असते. तिचा एक टक्क्याहूनही कमी भाग प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडतो, पण तेवढाही पावणेचार लाख किलोमीटरवरून दुर्बिणीत टिपता येतो. ग्रीसमधील क्रियोनेरी वेधशाळेत २०१७ पासून १.२ मीटरच्या दुर्बिणीने असे शंभराहून अधिक स्फोट नोंदवले गेले आहेत. त्यांतील काहींचे तापमान मोजले, तेव्हा ते साधारण १३०० ते २८०० अंश सेल्सिअस भरले.

आघाताची खूण महाराष्ट्राला नवी नाही. बुलढाण्यातील लोणारचे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर अशाच आघाताने बेसॉल्ट खडकात झालेले आहे. नाशिकच्या पायाखालीही तोच दख्खनचा काळा दगड आहे आणि चंद्रावरचे काळे डागही बेसॉल्टचेच. म्हणूनच चंद्रावरची विवरे समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञ लोणारला येतात.

१७ मार्च २०१३ रोजी नासाच्या १४ इंची दुर्बिणीने चंद्रावर असाच एक मोठा स्फोट टिपला. जेमतेम फूटभर रुंदीचा, सुमारे ४० किलोचा दगड ताशी ९० हजार किलोमीटर वेगाने आदळला होता. त्याचा उजेड सुमारे एक सेकंद टिकला आणि त्या क्षणी कोणी चंद्राकडे पाहत असते, तर नुसत्या डोळ्यांनाही तो दिसला असता. पुढे चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाच्या छायाचित्रांत तिथे १८ मीटरचे ताजे विवर सापडले.

असा पुरावा मात्र क्वचितच मिळतो. बहुतेक चमका सेकंदाच्या दहाव्या भागातच संपतात. माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापण्या लववतो आणि प्रत्येक वेळी डोळा साधारण एवढाच किंवा याहून अधिक वेळ झाकलेला राहतो. म्हणजे खरी चमक निसटू शकते. आणि नसलेली दिसूही शकते, हे त्याहून अवघड.

अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातील डॉ. लिऑन स्टुअर्ट हे पेशाने क्ष-किरणतज्ज्ञ आणि हौशी खगोल निरीक्षक. १५ नोव्हेंबर १९५३ रोजी त्यांनी चंद्राच्या मध्याजवळ चमकलेला ठिपका छायाचित्रात पकडला. दुसरा साक्षीदार नव्हता, त्यामुळे वाद पन्नास वर्षे रेंगाळला. २००३ मध्ये त्याच जागी एक ताजे दिसणारे विवर सापडल्याचे जाहीर झाले आणि डॉक्टरांना न्याय मिळाला असे वाटले. पण ते विवर १९१९ च्या जुन्या छायाचित्रातही दिसत होते! स्टुअर्ट यांनी काय पाहिले ते आजही ठरलेले नाही. एकाच फिल्मवरून निदान करण्याची जोखीम क्ष-किरणतज्ज्ञाला कोणी समजावून सांगायला नको होती.

नोव्हेंबर १९९९ मधील सिंह राशीच्या उल्कावर्षावात ही उणीव भरून निघाली. टेक्सासमध्ये ब्रायन कडनिक यांना दुर्बिणीतून चंद्रावर चमक दिसली, तर मेरीलँडमध्ये डेव्हिड डनहॅम यांच्या व्हिडिओत त्याच क्षणी, त्याच जागी ती नोंदली गेली होती. चंद्रावरच्या आघाताची ही पहिली पक्की नोंद. दोन माणसे, दोन राज्ये, एकच वेळ.

अपोलो-१७ मधील भूवैज्ञानिक हॅरिसन श्मिट यांना डिसेंबर १९७२ मध्ये चंद्राभोवती फिरताना ग्रिमाल्डी विवराच्या उत्तरेला चमक दिसली. सहकारी रोनाल्ड इव्हान्स यांनीही तशी नोंद केली. तो आघात असू शकतो. पण अपोलो-११ पासूनच अंतराळवीर डोळे मिटलेले असतानाही चमका दिसत असल्याचे सांगत होते. अवकाशातील भारित कण डोळ्यातून आरपार जाताना दृष्टिपटलाला चेतवतात, हे त्याचे कारण. चंद्राच्या इतक्या जवळ गेलेल्या माणसालाही चमक बाहेर होती की डोळ्यात, हे ठामपणे सांगता येत नाही.

जमिनीवर राहणाऱ्यांच्या डोळ्यांतही चमका होतात, त्यांचे कारण मात्र वेगळे. पन्नाशीनंतर डोळ्यातला जेलीसारखा पदार्थ आक्रसतो आणि दृष्टिपटलाला ओढ बसते. मग अंधारात, बहुधा नजरेच्या कडेला, वीज चमकल्यासारखे वाटते. बऱ्याचदा हे निरुपद्रवी असते. पण चमका नव्यानेच सुरू झाल्या, सोबत काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडू लागला किंवा एका बाजूने पडदा सरकल्यासारखे झाले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. दृष्टिपटल फाटलेले असू शकते. जाड उणे नंबरचा चष्मा असलेल्यांनी, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि डोळ्याला मार लागलेल्यांनी अधिक सावध राहावे. ओळखण्याची एक साधी खूण अशी, की नजर चंद्रावरून हटवली किंवा डोळे मिटले तरी चमक दिसत राहिली, तर ती चंद्रावरची नाही.

कॅमेऱ्यालाही भास होतात. एखादा भारित कण सेन्सरवर आदळला की एका चौकटीत हुबेहूब चमक उमटते. क्रियोनेरीत म्हणूनच एका दुर्बिणीला दोन कॅमेरे जोडले आहेत. दोन्हींत एकदम दिसले तरच ती नोंद पुढे जाते. चंद्रासमोरून जाणारा उपग्रह उन्हात लकाकला, तरी फसगत होते. तिथे दुसरे गाव उपयोगी पडते. नाशिक आणि पुणे यांच्यात सरळ रेषेत सुमारे १६५ किलोमीटर अंतर आहे. ३६ हजार किलोमीटरवरचा उपग्रह नाशिकहून चंद्राच्या मधोमध दिसला, तर पुण्याहून तो जवळपास अर्ध्या बिंबाइतका सरकलेला दिसेल. चंद्रावरचा आघात दोन्हीकडून त्याच जागी दिसतो.

नाशिकचे रेखांश इथे कामाला येतात. इथे संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हा ग्रीसमध्ये अजून दिवस असतो, तर जपानमध्ये रात्रीचे अकरा वाजून कोवळी चंद्रकोर मावळलेली किंवा मावळतीला आलेली असते. त्या दोन-तीन तासांत चंद्राच्या काळ्या भागावर भारताच्या आसपासच्या देशांतूनच नजर ठेवता येते. ही पहारेदारी शोभेची नाही. काही ग्रॅमपासून काही किलोपर्यंतचे दगड किती वेळा आदळतात, हे समजण्याचे मार्ग फार थोडे आहेत. अवकाशयानावरच्या उपकरणांना ते क्वचित गाठ पडतात आणि दुर्बिणीला दिसण्याइतके ते मोठे नसतात. उद्या चंद्रावर माणसे राहायला गेली तर घराची भिंत किती जाड हवी, ते याच आकड्यांवरून ठरेल.

त्यासाठी लागते काय? आठ इंची दुर्बीण, मंद उजेडात सेकंदाला २५-३० चौकटी टिपणारा कॅमेरा, जीपीएसवरून लावलेली अचूक वेळ आणि दुसऱ्या गावात तशीच तयारी करून बसलेला एक मित्र. पावसाळ्याचे चार महिने सोडून द्यावे लागतात.

२०२६ चा डिसेंबर त्या दृष्टीने सोयीचा आहे. मिथुन राशीच्या उल्कावर्षावाचा भर १४ डिसेंबरच्या सुमारास असतो आणि ९ डिसेंबरला अमावास्या झालेली असेल. म्हणजे चंपाषष्ठीच्या आसपास, अंधार पडल्यापासून काही तास चंद्राचा मोठा काळा भाग नाशिकच्या आकाशात असेल. थंडीही चांगली असेल, कानटोपी विसरू नये.