मृदसंधारणाची मूक कपात

सार्वजनिक खर्चातील कपात नेहमी कपातीच्या नावानेच येते असे नाही. खतांचे भाव वाढले तर सभागृह दणाणून जाते. परंतु डोंगरउतारावरील चर खणावयाचे राहून गेले म्हणून कोठे सभात्याग झाल्याचे ऐकिवात नाही. मृदसंधारण व पाणलोट विकास ह्या कार्यक्रमांना लागलेली कात्री ह्यामुळेच फारशी कोणाच्या ध्यानात आली नाही.

२००९ साली केंद्र सरकारने एकात्मिक पाणलोट व्यवस्थापन कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा खर्चाच्या १०० रुपयांपैकी ९० केंद्राचे व १० राज्याचे अशी विभागणी होती. २०१५ साली तो प्रधानमंत्री कृषी सिंचन योजनेत विलीन झाला आणि बहुतेक राज्यांसाठी हे प्रमाण ६० व ४० असे ठरले. राज्यांचा वाटा चौपट झाला. चौदाव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतील राज्यांचा हिस्सा ३२ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर नेला होता, तेव्हा राज्यांनी आपला भार उचलावा, हा युक्तिवाद अगदीच निराधार म्हणता येणार नाही. पण कोणत्याही कामास न जखडलेला पैसा ज्या खात्यांचा आवाज मोठा असतो त्यांच्याकडे जातो, आणि माळावरच्या मातीला आवाज नसतो. समतल चराचे उद्घाटन करता येत नाही; त्यावर कोनशिला तरी कोठे बसवावयाची?

परिणाम आकड्यांत दिसतो. २००९-१० ते २०१४-१५ ह्या काळात ८,२१४ प्रकल्पांना मंजुरी मिळाली होती. क्षेत्र सुमारे ३ कोटी ९० लक्ष हेक्टर. त्यांपैकी जे सुरू झाले नव्हते किंवा प्राथमिक अवस्थेत होते ते पुढे राज्यांकडे सोपविण्यात आले, आणि केंद्राच्या हिशेबात ६,३८२ प्रकल्प उरले. २०२१-२२ ते २०२५-२६ ह्या पुढील टप्प्याचे लक्ष्य ४९ लक्ष ५० हजार हेक्टर आणि केंद्राचा वाटा ८,१३४ कोटी रुपये होता. हेक्टरी खर्चाची मर्यादा सपाट प्रदेशात १२,००० वरून २२,००० रुपये केली हे योग्यच झाले. पण क्षेत्राचा संकोच त्याने झाकत नाही. इस्रोच्या नकाशासंग्रहानुसार २०१८-१९ मध्ये देशातील ९ कोटी ७८ लक्ष हेक्टर जमीन अवनत अवस्थेत होती.

येथे अर्थशास्त्राचा एक साधा मुद्दा आहे. रस्त्याचे काम मध्येच थांबले तर निदान अर्धा रस्ता शिल्लक राहतो. पाणलोटाचे तसे नाही. काम माथ्याकडून पायथ्याकडे व्हावे लागते: आधी माथ्यावरील चर, गवत व झाडे, मग उतारावरील बांधबंदिस्ती, आणि शेवटी नाल्यातील बंधारा. वरचे काम सोडून केवळ खालचा बंधारा बांधला तर दोनचार पावसाळ्यांत तो गाळाने भरतो. सारांश, चार-सात वर्षांच्या प्रकल्पाचा हप्ता मध्येच अडला तर आधी खर्चिलेले पैसेही बुडतात. जालना जिल्ह्यातील कडवंची हे गाव आज द्राक्षबागांसाठी ओळखले जाते. त्यामागे १९९० च्या दशकात तेथे क्रमाने आणि शेवटपर्यंत झालेले पाणलोटाचे काम आहे.

वाचवलेला पैसा प्रत्यक्षात वाचतही नाही. देशात हेक्टरी सरासरी १६ टनांहून अधिक माती दरवर्षी धुपून जाते, असा अंदाज १९८३ साली शास्त्रज्ञांनी मांडला होता, आणि त्यातील सुमारे दहावा भाग जलाशयांत साचतो असेही त्यांत होते. २०१७ साली महाराष्ट्र शासनाला धरणांतील गाळ उपसून तो शेतांत नेण्यासाठी स्वतंत्र योजना काढावी लागली. माती वाहून जाऊ द्यावयाची आणि मग यंत्राने उपसून परत आणावयाची, ह्याला काटकसर कोण म्हणेल? राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात कारखान्याच्या यंत्राचा घसारा वजा होतो, मातीचा होत नाही. उलट गाळ उपसण्याचा खर्च मात्र उत्पन्नात जमा होतो.

अर्थात, अधिक तरतूद म्हणजे अधिक संधारण असेही नव्हे. जलयुक्त शिवार अभियानावर ९,६०० कोटींहून अधिक रुपये खर्ची पडूनही भूजलाची पातळी वाढविण्यात त्याचा फारसा प्रभाव पडला नाही, असे महालेखापरीक्षकांनी २०२० साली दाखवून दिले. यंत्रांनी नाले खोल व रुंद करण्यावरच भर राहिला आणि माथा उपेक्षितच राहिला, अशी टीका जाणकारांनी आधीपासूनच चालविली होती. मात्र ह्या अहवालाचा उपयोग पुढे कामाची पद्धत सुधारण्याऐवजी राजकीय वादासाठीच अधिक झाला. एका सरकारने अभियान बंद केले, दुसऱ्याने २०२२ साली ते पुन्हा सुरू केले.

ह्या बाबतीत महाराष्ट्राने स्वतःचाच जुना कायदा उघडून पाहावा. रोजगार हमीसाठी लावलेल्या व्यवसाय कराचे उत्पन्न आणि तेवढाच शासनाचा वाटा एका स्वतंत्र निधीत जमा करण्याची सक्ती १९७७ च्या अधिनियमाने केली होती, आणि राज्यातील कितीतरी बांधबंदिस्ती व नालाबांध त्या योजनेतूनच उभे राहिले. त्या निधीतील पैसा पुष्कळदा न खर्चता पडून राहिला, ही टीका खरी आहे. परंतु मंजूर पाणलोटाचा पैसा काम पूर्ण होईपर्यंत वार्षिक अंदाजपत्रकाच्या ओढाताणीबाहेर ठेवावयाचा असेल, तर त्याचा नमुना दिल्लीत शोधावयास नको. असा निधी उभारताना राज्यांकडे सोपविलेल्या त्या प्रकल्पांपैकी महाराष्ट्रात किती पुरे झाले आणि किती गावांत नुसती पाणलोट समितीच उरली, ह्याचा तपशील जलसंधारण खात्याने विधिमंडळापुढे ठेवावा.