वाड्याचा साग
जुन्नर, ओतूर, घोडेगाव, मंचर. यांतल्या कुठल्याही गावाच्या जुन्या पेठेत हिंडा, एखादा तरी वाडा उतरवायला घेतलेला दिसेल. भिंतींची पांढरी माती शेतात जाते, घडीव दगड कुणाच्या नव्या जोत्यात बसतो आणि लाकूड व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढतं. भाव खरा लाकडालाच. तुळया, खांब, कड्या घनफुटावर जातात. कोरीव चौकट आणि गणेशपट्टी नगावर. पुढे हाच साग पुण्यातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये जेवणाचं टेबल होऊन बसतो आणि घरमालक आल्यागेल्याला लाकडाचं वय सांगतो.

गंमत अशी की हे लाकूड ज्या घरातून आलं त्या घरात टेबल नव्हतंच. वाड्यात फर्निचर असं वेगळं फारसं नसे. घरच फर्निचर होतं. दगडी उथळ्यावर खांब, खांबावर हस्त, हस्तांवर तुळई, तुळईवर कड्या, वर पाटाई आणि माती. दोन खांबांमधला खण हे घराचं माप, ऐपतही त्यावरूनच कळायची. कपड्यांना खुंट्या, भांड्यांना भिंतीतलं फडताळ, दिव्याला कोनाडा, धान्याला बळद. झोपाळा थेट कडीला टांगलेला. उचलून नेता येईल असं थोडकंच: पाट, चौरंग, देव्हारा, माचा, पितळी पट्ट्यांची पेटी.

यांतला पाट उलटा करून पाहावा. जुन्या चांगल्या पाटाला खालून दोन आडव्या पट्ट्या असतात, त्याच त्याचे पाय. पट्टीसाठी फळीत आडवी खाच मारलेली असते, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद. पट्टीची वरची कड त्याच उताराने तासून ती बाजूने सरकवत, मोगरीने हलके ठोकत बसवलेली असते. खिळा नाही, सरस नाही. कारण पावसाळ्यात फळी रुंदीला फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. लांबीला जवळजवळ काहीच फरक पडत नाही. पट्टी फळीला वाकू देत नाही, पण रुंदीला हलायला मोकळीक ठेवते. तीच पट्टी चार खिळ्यांनी जखडली की एखाद्या उन्हाळ्यात फळीला उभी चीर जाते. घन लाकडाच्या कुठल्याही सामानाची अर्धी अक्कल या खाचेत आहे.

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत तर ती अक्कल लागतेच. पश्चिमेला आहुपे, भीमाशंकरच्या अंगाला पाऊस धो धो कोसळतो. पूर्वेला बेल्हे किंवा लोणी-धामणीकडे ढगाची वाट पाहावी लागते. अंतर एका दिवसात जाऊन येण्याचं. वरच्या अंगाच्या महादेव कोळी वस्त्यांतली जुनी घरं कारवीच्या कुडाची, उतरत्या छपराची. पूर्वेची घरं मातीच्या धाब्याची. एकीकडे पावसाळाभर ओल पिऊन फुगलेली फळी दुसरीकडच्या कोरड्या हवेत नेली की ती सुकून आत येणारच. म्हणून लाकूड जिथे वापरायचं तिथल्या हवेत काही महिने, फळ्यांमध्ये चिपा देऊन, सावलीत रचून ठेवलेलं बरं. वाड्याचा साग इथे बाजी मारतो: त्याचं वाळणं आधीच्या पिढ्यांनी उरकून ठेवलेलं असतं.

सुतार हा बारा बलुतेदारांतला. त्र्यं. ना. आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’त ही सारी व्यवस्था तिच्या खोडींसकट आली आहे. नांगर, कुळव, पाभर आणि गाडीची चाकं सुतारानेच करायची, त्यांची दुरुस्तीही त्यानेच करायची, आणि सुगीला खळ्यावरून ठरलेलं धान्य न्यायचं. धक्के खाणारी कामं बाभळीची, घराची कामं सागाची. या व्यवस्थेचे गोडवे गायचं मला कारण दिसत नाही. खळ्यावर कुणाच्या पदरात किती पडे हे देणाऱ्याच्या मर्जीवरही असे. पण तिचा एक परिणाम लाकडात दिसतो. मोडलेलं त्याच मोबदल्यात पुन्हा आपल्यालाच जोडायचं असेल, तर माणूस सांधा उघडता येईल असाच करतो. कूस सालीत बसवायची, आरपार खुंटी मारायची. खुंटी ठोकून काढली की तुकडे सुटे. म्हणूनच वाडा ‘पाडत’ नाहीत, ‘उतरवतात’.

सांध्यावरचा असाच भर दूरदेशीही दिसतो. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया आणि ओहायोत आमिश नावाच्या ख्रिस्ती पंथाचे लोक ओक, चेरी, अक्रोडाच्या घन लाकडाचं सामान करतात आणि त्याला मोठी मागणी आहे. त्यांचे पूर्वज अठराव्या शतकात युरोपातून आले. बहुतेक आमिश घरांत बाहेरच्या तारेची वीज घेत नाहीत. कारखान्यात डिझेल इंजिनावर हवा दाबून त्या दाबावर यंत्रं चालवतात. म्हणजे सगळं हातानं होतं हा समज चुकीचा. ज्या साध्या, सरळ रेषांच्या शैलींसाठी ते ओळखले जातात त्याही सगळ्या त्यांच्या नाहीत: ‘शेकर’ दुसऱ्याच एका पंथाची, ‘मिशन’ विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकन कारागिरीची. त्यांचं स्वतःचं काय, तर नक्षीवर खर्च न करता सांध्यावर करायचा. आपल्या पाटाचाही तोच हिशेब.

आणि साग किती टिकतो याचा पुरावा याच पुणे जिल्ह्यात आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताच्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षं उभ्या आहेत, आणि तिथल्या एका लेखात धेनुकाकटच्या सामी नावाच्या वढकीचं, म्हणजे सुताराचं नाव कोरलेलं आहे. लेण्याद्रीच्या चैत्यगृहात तशाच कमानी दगडात कोरल्या; डोळ्यांपुढे मात्र सुतारकामच होतं.

आता साग घ्यायचा असेल तर. नव्या सागात बल्लारशाच्या मालाचा दबदबा आहे. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी साग गेला तो चंद्रपूरकडचाच. बांधावरचं झाड तोडून करू म्हणाल, तर साग, आंबा, जांभूळ, हिरडा ही सगळी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, परवानगी घ्यावी लागते. हिरड्याला तर इथे कुणी हौसेने हात लावत नाही; पश्चिमेच्या आदिवासी घरांचा तो हातखर्च आहे.

जुना माल घेताना तुळईची टोकं आणि खांबाचा बुंधा आधी पाहावा. मातीच्या भिंतीत गाडलेलं टोक वाळवी पहिलं धरते. कडेला फिकट पांढरा पट्टा दिसला तर तो गाभ्याबाहेरचा भाग. किडा त्यालाच लागतो, तो कापूनच माप धरायला सांगावं. फळीवरच्या रेषा टोकाकडच्या कापावर उतरलेल्या दिसल्या नाहीत, तर वर नुसता पापुद्रा चिकटवलेला आहे. खिळ्यांभोवतीचे काळे डाग मात्र बुजवू नयेत. लोखंडाने सागावर पडलेले ते डाग, त्यांनी बिघडत काही नाही.

चकचकीत पॉलिशपेक्षा बेलतेलाचे दोन-तीन हात मला बरे वाटतात. ओरखडा पडला तर घरीच घासून पुन्हा तेल लावता येतं. एका खोलीत अशी एकच जुनी वस्तू पुरे. पांढऱ्या भिंतीपुढे खांब, चौकट आणि पेटी एकदम मांडली की वखार वाटते. कोरीव दरवाजावर काच टाकून टीपॉय करणाऱ्यांशी माझं पटत नाही. दरवाजा दरवाजाच्या जागी लावावा. फ्लॅटच्या चौकटीत बसत नसेल तर दुसऱ्या कुणाला घेऊ द्यावा. टेबल करायला टाकताना सुताराला एकच विचारावं: वरची फळी चौकटीला कशी धरणार? लांबट भोकातून स्क्रू घेऊन, सरकायला जागा ठेवून, असं उत्तर आलं तर बयाणा द्यावा. घट्ट आवळून टाकतो म्हणाला, तर दुसरा सुतार बघावा.