मोटार किती खाली घ्यावी?

वेगवान मोटारीचे चित्र काढावयास सांगितले, तर लहान मूलही ती ठेंगणीच काढील. जमिनीला चिकटून धावणारी गाडी वेगाची वाटते, आणि ही समजूत निराधारही नाही. तथापि ‘खाली असलेली मोटार चांगली, म्हणून आणखी खाली असलेली अधिक चांगली’ हे अनुमान मात्र फसवे आहे. हौशी मालक नव्या, आखूड स्प्रिंगा बसवून घेतो, गाडी डोळ्यांना देखणी दिसू लागते, आणि पहिल्याच पावसाळी वळणावर ती पूर्वीपेक्षा वाईट चालते. असे का होते, आणि उंची ठरवावी तरी कशी, हे एका प्रसिद्ध मोटारीच्या उदाहरणाने चांगले समजते.

एम.जी. ही दोन अक्षरे भारतातील रस्त्यांवर २०१९ पासून पुष्कळ दिसू लागली. त्या गाड्या बडोद्याजवळच्या हालोल येथे तयार होतात. परंतु ही अक्षरे मूळची ऑक्सफर्ड येथील ‘मॉरिस गॅराजेस’ या पेढीची. याच नावाची ‘एम.जी.बी.’ ही दोन आसनांची उघडी स्पोर्ट्स मोटार इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात तयार होत असे. बंद टपाचा प्रकार धरून अशा पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या आणि त्यांतील बहुसंख्य अमेरिकेत गेल्या. तेथील सुरक्षानियमांत गाडी बसावी म्हणून १९७४ च्या अखेरीस तिला रबरासारखे जाड काळे बंपर लावण्यात आले, आणि सबंध गाडी सुमारे एक ते दीड इंच उचलण्यात आली. त्याच सुमारास उघड्या गाडीचा पुढचा कलविरोधी दांडाही काढून टाकला गेला. परिणाम चालकांना तत्काळ जाणवला. वळणावर गाडी अधिक कलू लागली आणि तिच्या चालीतला नेमकेपणा गेला. १९७७ च्या नमुन्यात पुढे अधिक जाड दांडा आला आणि मागेही एक बसविण्यात आला, तेव्हा परिस्थिती बरीच सुधारली. उंची मात्र शेवटपर्यंत तीच राहिली. म्हणूनच या गाड्या जतन करणारे अनेक मालक आजही त्या खाली घेण्याच्या खटपटीत असतात.

उंची कमी केल्याने लाभ कोणता? वळण घेताना आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. किती जातो, हे गाडीचे वजन, वळणाची तीव्रता, गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर यांवर ठरते. समजा, गाडीचे वजन १००० किलो आहे, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटिमीटरांवर आहे, चाकांमधील अंतर १२५ सेंटिमीटर आहे आणि वळण असे आहे की बाजूला फेकणारा जोर गाडीच्या वजनाच्या निम्मा आहे. अशा वेळी २०० किलो भार आतून बाहेर जाईल. गाडी अडीच सेंटिमीटर खाली घेतली तर तो १९० किलो होईल. म्हणजे लाभ खरा आहे. पण तो शेकडा पाच इतकाच. एवढ्या लाभासाठी कोणती किंमत मोजावी लागते, हे पाहिल्यावाचून निर्णय घेणे शहाणपणाचे नव्हे.

पहिली किंमत म्हणजे चाकाला वर जाण्यास उरणारी जागा. खड्ड्यातून अगर उंचवट्यावरून जाताना चाक वर उचलले जाते आणि स्प्रिंग दबते. ही चाल संपली की चाकाचा आधार एका रबरी ठोकळ्यावर आदळतो. समजा, ही जागा मूळची ७५ मिलिमीटर होती आणि गाडी २५ मिलिमीटर खाली घेतली. आता ५० मिलिमीटरच उरले. तेवढ्यात पूर्वीइतकाच जादा भार पेलावयाचा तर स्प्रिंग दीडपट कडक हवी. कडक स्प्रिंग घेतली तर खराब रस्त्यावर चाक उसळते. न घेतली तर गाडी ठोकळ्यावर जाऊन बसते. वळणाच्या मध्यावर असे झाले, तर ज्या टोकाचा ठोकळा आधी टेकला त्या टोकाच्या बाहेरच्या चाकावर भार एकदम वाढतो आणि तेथील पकड सुटते. ओल्या रस्त्यावर तर चालकाला हात सावरण्यासही अवधी मिळत नाही. खाली घेतलेल्या गाडीचा सर्वांत मोठा धोका तिच्या पोटाला बसणाऱ्या घासण्यात नाही. तो येथे आहे.

दुसरी किंमत डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक गाडीचे अंग वळणावर एका काल्पनिक बिंदूभोवती कलते. पुढील चाके धरणाऱ्या दांड्यांच्या तिरपेपणावरून या बिंदूचे स्थान ठरते. दांडे जवळजवळ आडवे असतील तोवर हा बिंदू योग्य जागी असतो. गाडी फार खाली आणली की दांड्यांची चाकाकडची टोके वर आणि आतली टोके खाली जातात, आणि हा बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही अधिक झपाट्याने खाली घसरतो. समजा, गुरुत्वमध्य ५० सेंटिमीटरांवर आणि कलण्याचा बिंदू १० सेंटिमीटरांवर होता. म्हणजे दोहोंतील अंतर ४०. गाडी ५ सेंटिमीटर खाली आली आणि बिंदू १० सेंटिमीटर उतरला, तर अंतर ४५ झाले. कलविणारी तरफ लांबली! त्याच स्प्रिंगांवर ही ठेंगणी गाडी उंच गाडीपेक्षा अधिक कलेल. शिवाय स्टिअरिंगचा दांडा आणि चाकाचे दांडे निरनिराळ्या वर्तुळखंडांत फिरू लागतात, आणि मग प्रत्येक उंचवट्यावर चाक थोडेसे आपण होऊन वळते. चालक हात स्थिर ठेवतो, गाडी मात्र सरळ जात नाही.

एम.जी.बी.च्या बाबतीत येथेच एक बोधप्रद गोष्ट आढळते. कारखान्याने गाडीचा पुढील भाग उचलला तो स्प्रिंगा लांब करून नव्हे. ज्या आडव्या तुळईवर पुढील चाकांची सर्व जोडणी असते ती तुळईच बदलून. मागील बाजूस मात्र पाट्यांची कमान वाढविण्यात आली. म्हणून पुढे आखूड स्प्रिंगा घालणारा मालक मूळची उंची परत आणतो, पण दांड्यांचे मूळचे कोन बिघडवितो. जुन्या गाडीची तुळई मिळवून बसविणारा मालक उंची आणि कोन दोन्ही परत मिळवितो. काम अधिक कष्टाचे आहे, स्टिअरिंगच्या दांड्याची जुळणीही पाहावी लागते. परंतु जी गोष्ट ज्या मार्गाने बिघडली त्याच मार्गाने ती दुरुस्त करणे, हे तत्त्व येथे नामी लागू पडते. मागे पाट्यांची कमान कमी केल्याचा लाभ वेगळाच आहे. पाट्याचे पुढील टोक मागील आसापेक्षा फार उंच असेल, तर गाडी कलताच बाहेरचे चाक किंचित मागे आणि आतले पुढे सरकते, व गाडीचा पार्श्वभाग वळणाबाहेर वळू पाहतो. टोक खाली आले की ही खोड कमी होते.

तर मग उंची ठरविण्याची रीत कोणती? प्रथम गाडी सपाट जागी उभी करावी, टायरांत योग्य हवा भरावी, टाकीत अर्धे पेट्रोल ठेवावे आणि चालकाच्या आसनावर त्याच्या वजनाइतका भार ठेवावा. गाडी थोडी मागेपुढे ढकलून स्प्रिंगा स्थिर होऊ द्याव्यात. मोजमाप चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत घ्यावे; जमिनीपासून घेतलेले माप टायर बदलला की बदलते. त्यानंतर एका चाकाची स्प्रिंग काढून, जॅकने चाक हळूहळू उचलून, रबरी ठोकळा केव्हा टेकतो ते पाहावे. स्प्रिंग दबलेली असताना तिच्यात मोठा जोर साठलेला असतो. ती योग्य साधनांवाचून सोडविणे जिवावर बेतू शकते. म्हणून हे काम जाणत्या मिस्त्रीनेच करावे. मूळच्या जागेपैकी निदान दोन तृतीयांश तरी शिल्लक राहावी, असा हिशेब धरल्यास सामान्य रस्त्यावरची गाडी सहसा फसत नाही.

स्प्रिंग निवडताना आणखी एक मेख आहे. समजा, स्प्रिंग चाकाच्या दांड्याच्या मध्यावर टेकलेली आहे. मग ती १ सेंटिमीटर आखूड केली की चाकापाशी गाडी २ सेंटिमीटर उतरते. हे न जाणता केलेली कापाकापी दुप्पट पडते. स्प्रिंगचे आठ वेढ्यांपैकी एक कापले, तर ती केवळ आखूडच नव्हे, शेकडा १४ कडकही होते. काम झाल्यावर चाकांचे कोन पुन्हा जुळवून घ्यावे, दिव्यांचा झोत तपासावा आणि ब्रेकच्या नळ्या कोठे घासत नाहीत ना, हे पाहावे.

शेवटी रस्ता. भारतात गतिरोधकासाठी जे मानक आहे, त्यात त्याची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर धरलेली आहे. एम.जी.बी.च्या पुढील-मागील चाकांतील अंतर २.३१ मीटर. अशा प्रशस्त उंचवट्यावर तिची चारही चाके एकाच वेळी चढलेली असतात, आणि पोटाखाली सुमारे ४ सेंटिमीटर जागा असली तरी भागते. पण तोच १० सेंटिमीटर उंचीचा गतिरोधक कोणी हातभर रुंदीचा बांधला, तर पूर्ण १० सेंटिमीटर जागा हवी, आणि स्प्रिंग दबते त्याची आणखी वेगळी. मानक पुस्तकात असते. गाडी मात्र समोरच्या रस्त्यावरून न्यावयाची असते. म्हणून ज्या वाटेने रोज जावयाचे, तिच्यावरचा सर्वांत वाईट उंचवटा मोजून मगच उंची ठरवावी.

कारखान्याने ठरविलेली उंची ही अनेक गरजांमधील तडजोड असते. कधी ती चालकासाठी असते, कधी एम.जी.बी.प्रमाणे कायद्यासाठी. ती बदलण्यात गैर काही नाही. मात्र बदलणाऱ्याने चाकाला किती जागा उरली, दांडे किती तिरपे झाले आणि रस्ता कसा आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी मिळवावीत. मग गाडी एक इंचच खाली आली तरी पुरे. तो इंच वळणावर उपयोगी पडेल. उत्तरे न शोधता उतरविलेले तीन इंच केवळ उभ्या गाडीची शोभा वाढवितात.